आकडा पोचतो, पण उत्तर येतं का? : दुरून रक्तदाब सांभाळण्याविषयी

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी ‘बीपी’ हा शब्द आता घराघरांत आहे. पण हा आजार बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस त्याच्याकडे वळत नाही. 2019 साली जगात 30 ते 79 वयाच्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याची खबरच नव्हती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. न दुखणाऱ्या आजारासाठी रोज गोळी घ्यायची, हे मनाला पटवणं सोपं नाही.

आता दुरून देखरेख म्हणजे काय? घरी किंवा उपकेंद्रात रक्तदाब मोजायचा, आकडा फोनवरून कळवायचा, आणि पलीकडच्या डॉक्टरांनी, नर्सताईंनी सल्ला द्यायचा. आपला प्रश्न एवढाच आहे, की यातलं कामाला येतं ते नेमकं काय? आकडा कळवणं, की त्यावर उत्तर मिळणं?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात 778 रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्याला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय घरचं यंत्र आणि इंटरनेटवरून दवाखान्याशी संपर्काची सोय. तिसऱ्याला हे सगळं, आणि वर फार्मासिस्टचा नियमित सल्ला. वर्षाअखेर रक्तदाब आटोक्यात आलेले अनुक्रमे 31, 36 आणि 56 टक्के. म्हणजे यंत्राने थोडाच फरक पडला. खरा फरक पडला तो पलीकडे कोणीतरी बोलणारं होतं म्हणून.

‘समुपदेशन’ या शब्दातल्या ‘उप’चा अर्थ जवळ. मग दुरून समुपदेशन कसं व्हायचं? आम्हाला वाटतं, ही जवळीक अंतराची नाही, विचारपूस करण्याची आहे.

आपल्या राज्यात भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून सुरू झाला. ठरलेली उपचारपद्धती, औषधांचा पुरवठा, सगळ्यांनी वाटून घेतलेलं काम, रुग्णाची सोय आणि नोंदी, अशा पाच गोष्टींवर तो उभा आहे. नोंदींसाठीच्या ‘सिंपल’ अ‍ॅपमध्ये तारीख चुकलेल्या रुग्णांची यादी निघते. पण यादी निघाली म्हणजे काम झालं नाही. त्या यादीवरून कोणीतरी फोन लावायचा असतो.

आणि फोनवर विचारायचं काय? “गोळी घेता ना?” म्हटलं की सगळेच “हो” म्हणतात. त्यापेक्षा “पाकिटात किती गोळ्या उरल्या?” असं विचारावं. “मीठ कमी खाता ना?” याऐवजी “लोणचं, पापड, ठेचा ताटात किती वेळा असतो?” असं विचारावं. दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक चमचा. आपल्याकडून ऊसतोडीला गेलेली माणसं महिनोन्‌महिने परमुलखात असतात. त्यांना विचारावं, “तिथं गोळ्या संपल्या तर आणणार कुठून?” जाण्याआधीच हे विचारलं तर अधिक बरं.

आकडाही नीट घ्यायला हवा. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. पट्टा दंडावर, हृदयाच्या पातळीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा. दवाखान्यात 140/90 ही सीमा, तर घरी 135/85 धरतात. एका आकड्यावर घाबरू नका, आणि चांगला आकडा दिसला म्हणून मनानेच गोळी बंद करू नका. तो आकडा बहुतेकदा गोळीमुळेच चांगला असतो.

दुरून सगळंच होत नाही. छातीत दुखणं, धाप, एका बाजूचं बळ जाणं, बोबडी वळणं, असं काही झालं तर सल्ल्याच्या फोनची वाट न पाहता 108 लावा.

एरवी उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टर बोलू शकतात. ती सोय वापरा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा वहीत लिहून झाला, की वही मिटण्याआधी घडीभर त्यांच्याजवळ बसा, काय म्हणतात ते ऐका. मग फोनवर सांगायला आकड्याखेरीजही काही असेल.