चिठ्ठीचा शेवटचा वाचक

राजगडाच्या पाली दरवाजातून उतरणारी रुंद पायऱ्यांची वाट, जी एके काळी गडाचा राजमार्ग होती, ती ज्या गावाशी येऊन टेकते त्या पालीला औषध पोहोचते ते बहुधा कोणाच्या तरी सदऱ्याच्या खिशातून. पुण्याच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञाने लिहिलेली चिठ्ठी घडी होऊन त्या खिशात पडते, नसरापूरपाशी गाडी हमरस्ता सोडून पश्चिमेस वळते, मार्गासनी आणि विंझर मागे पडतात, आणि मग वेल्ह्याच्या रस्त्यावरील एखाद्या औषधांच्या दुकानात ती घडी उलगडली जाते. सरकारी दप्तरात या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर त्या वेळी पन्नास-साठ किलोमीटर दूर, दुसऱ्या रुग्णाची नाडी पाहत असतो. औषध घेणारा म्हातारा डोंगराच्या कुशीत, ज्या घरात त्या चिठ्ठीतील एक अक्षरही कोणास वाचता येणार नाही अशा घरात, वाट पाहत असतो. या दोघांच्या मध्ये ती चिठ्ठी समजून वाचणारा एकच इसम उरतो, आणि तो म्हणजे फळीमागे उभा असलेला फार्मासिस्ट. माझे आयुष्य या फळीमागे गेले, आणि ज्या कामाला लोक गोळ्या काढून देणे असे म्हणतात त्या कामात प्रत्यक्षात काय घडते, हे मला सविस्तर सांगावेसे वाटते.

चिठ्ठी हाती आली की औषधाचे नाव मी प्रथम वाचत नाही. प्रथम रुग्णाचे नाव, मग वय, मग तारीख. कारण चिठ्ठी आणणारा आणि औषध घेणारा एकच असतो असे नाही, आणि गेल्या वर्षीची चिठ्ठी जपून ठेवून ‘तेच द्या’ म्हणणारे लोक आमच्या खोऱ्यात पुष्कळ आहेत. त्यानंतर औषध, त्याची मात्रा, दिवसातून किती वेळा, किती दिवस. हे सारे नजरेखालून जाते ते क्षणार्धात, परंतु त्या क्षणार्धात अनेक प्रश्न मनात उभे राहून निकालात निघालेले असतात: या वयाला ही मात्रा बसते काय, ही दोन औषधे एकमेकांच्या आड येतात काय, आणि ज्या रोगासाठी हे औषध लिहिले आहे तो रोग समोर सांगितल्या जाणाऱ्या कैफियतीशी जुळतो काय.

एक उदाहरण देतो. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते, आणि इतर दिवसांसाठी बहुधा फॉलिक ॲसिडची गोळी लिहिलेली असते. ज्या घरात प्रत्येक गोळी ‘सकाळी एक, रात्री एक’ या एकाच नियमाने घेण्याची सवय आहे, तेथे ही गोळी रोज घेतली गेली तर रक्तातील पेशी निर्माण होण्याची क्रियाच मंदावते, तोंडात व्रण पडतात, आणि प्रसंगी माणूस दगावतो. म्हणून ही गोळी देताना मी वार विचारतो. ‘आजी, उपास कोणत्या वारी धरता?’ आजी सांगतात, ‘सोमवार.’ ‘मग ही पिवळी गोळी फक्त सोमवारी. दुसऱ्या वारी दुखलं तरी घ्यायची नाही. आता तुम्ही मला सांगा.’ आजी सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ते नीट ऐकू आल्यावाचून मी पाकीट त्यांच्या हाती देत नाही. समजले का असे विचारले तर सगळेच हो म्हणतात. जे सांगितले ते परत सांगावयास लावले, तरच समजले की नाही ते कळते.

गोळ्यांची पट्टी कापण्यातही विद्या आहे. पट्टीच्या ज्या टोकाला बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखून ठेवावे लागते. घाईत तेच आधी कापले गेले, तर उरलेल्या गोळ्या केव्हा बाद होणार हे सांगणारा दस्तऐवजच नाहीसा होतो. त्यामुळे कापलेल्या तुकड्यावर मी पेनने मुदत लिहून देतो. कपाटातही ज्याची मुदत आधी संपते ते पुढे आणि नंतर संपते ते मागे, अशी मांडणी ठेवावी लागते, आणि नवा माल आला की ती पुन्हा नव्याने करावी लागते.

मुलांच्या औषधांकडे मात्र मी सर्वांहून अधिक लक्ष देतो. तापावरचे पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी तीन-चार रूपांत येते: थेंबांच्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, एका सिरपात प्रत्येक पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि दुसऱ्या सिरपात तेवढ्यातच २५०. बाटल्या दिसायला सारख्या, गोडी सारखी, रंगही पुष्कळदा तोच. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळी सुमारे १५० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा चालते. थेंबांची बाटली घरी नेऊन आईने चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर, पाजले तर त्या मुलाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली असे होते, आणि ताप उतरला नाही म्हणून तेच चार-चार तासांनी दिवसभर चालले तर यकृतावर आघात होतो. म्हणून मी मुलाचे वजन विचारतो, वजन ठाऊक नसेल तर दुकानातल्या काट्यावर आईला मुलासकट आणि मुलाविना उभी करतो, बाटलीबरोबरच्या मापावर पेनने रेघ ओढतो, आणि घरचा चमचा वापरू नका असे बजावतो. कारण घरोघरचे चमचे निरनिराळ्या मापाचे असतात.

प्रतिजैविकांच्या कोरड्या भुकटीची बाटली मिळते, तिच्यात उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून ती हलवावी लागते. अशा औषधांपैकी काही भिजल्यावर थंड जागीच टिकतात. जेथे घरात शीतकपाट नाही, किंवा आहे पण पावसाळ्यात वीज गेली की दिवस दिवस येत नाही, तेथे अशी बाटली देणे म्हणजे निम्मे औषध वाया घालवणे होय. अशा वेळी मी चिठ्ठीवरच्या क्रमांकावर डॉक्टरांना फोन करतो आणि, त्यांची अनुज्ञा असेल तर, साध्या हवेत टिकणारे दुसरे औषध देतो. इन्शुलिनचेही तेच. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावयास हवी. वापरात काढलेली सुमारे चार आठवडे सावलीत, गारव्यात टिकते. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही त्यांना मी एकेकच बाटली देतो आणि ती पाण्याने ओल्या केलेल्या मडक्यात, कोरड्या डब्यात घालून ठेवण्याची तजवीज सांगतो.

आषाढात भातलावणी सुरू झाली की पायांना चिखल्या होतात, जांघेत आणि कमरेला गजकर्ण उठते, आणि लोक ‘खाजेची ट्यूब’ मागतात. ते नाव घेऊन जी ट्यूब मागतात तिच्यात बहुधा बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तिची कीर्ती होते. परंतु बुरशी आतून पसरत राहते, कातडी पातळ होते, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच गजकर्ण दुप्पट होऊन येते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’मध्ये आणले, म्हणजे ती चिठ्ठीवाचून देता येत नाहीत. हा हुकूम निघण्यापूर्वीही ती देऊ नयेत असे माझे मत होते, आणि ट्यूब न देता गिऱ्हाईक परत लावले म्हणून राग ओढवून घेण्याचे प्रसंग मला अनेकदा आले. तो राग खरा असतो. दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो, हे मला पाहवत नाही. म्हणून नुसते नाही न म्हणता, साधे बुरशीनाशक मलम कसे, किती दिवस लावावे, खाज थांबल्यावरही पुढे का चालू ठेवावे, आणि ओली कापडे अंगावर का सुकवू नयेत, हे मी त्याला बसवून सांगतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. द्रव्याकडून तेथे जी अपेक्षा केली आहे, की ते विपुल असावे, योग्य असावे, अनेक रूपांत मिळावे आणि आपल्या गुणांनी संपन्न असावे, ती अपेक्षा पुरी करावयास कोणी तरी जागता राखणदार लागतो. युरोपात तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने वैद्याचा आणि औषध बनविणाऱ्याचा व्यवसाय कायद्याने वेगळा केला. आपल्याकडे हे काम फार उशिरा झाले. बाजारात निकृष्ट आणि बनावट औषधांचा सुळसुळाट झाल्यावर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा निघाला. दरम्यान बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ पासून या शास्त्राचे अध्यापन उभे केले होते. नवा कायदा आला तेव्हा दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार केलेल्या कंपाउंडरांना पहिल्या नोंदणीत घेण्यात आले. त्यांनी बाटलीत मिश्रण ढवळून, बाहेर कात्रीने दंतुर कापलेली कागदाची पट्टी चिकटवून डोस दाखविण्याची जी रीत पाळली, ती आमच्या आधीच्या पिढीने पाहिली आहे. १९५४ साली याच पुणे जिल्ह्यात पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांतून तयार औषधे गावोगाव येऊ लागली, तशी मिश्रणाची बाटली मागे पडली. हात ढवळण्यातून मोकळा झाला, पण वाचण्याचे आणि सांगण्याचे काम वाढले, आणि दुर्दैवाने तेच काम कोणाच्या नजरेस पडत नाही.

न दिसणाऱ्या कामाला पर्याय शोधणे सोपे जाते. फार्मसी कायद्याचे कलम ४२ स्पष्ट सांगते की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. तरी दाखला एकाचा, दुकान दुसऱ्याचे आणि फळीमागे तिसराच, असा व्यवहार आपल्या राज्यात वर्षानुवर्षे चालत आला. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी राज्यभर बंद पाळले. मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की तो आग्रह रास्त होता. माझ्या उमेदवारीच्या काळात एका मोठ्या दुकानात मी हे जवळून पाहिले आहे: भिंतीवर दाखला होता, त्याखाली ज्याचे नाव होते तो इसम महिन्यातून एकदा पैसे घ्यावयास येई, आणि संध्याकाळच्या गर्दीत मेथोट्रेक्सेट ‘रोज एक’ असे लिहिलेल्या पाकिटात जाताना मी ते अडवले. ते कोणी अडवले नसते, तर काय झाले असते हे मी वर लिहिलेच आहे.

काही प्रसंगी फार्मासिस्टने देण्यासारखे काहीच नसते, आणि ते तत्काळ सांगणे हेच त्याचे काम असते. साप चावलेला माणूस दुकानासमोर आणला गेला की कोणतेही इंजेक्शन न देता, कोणतीही पट्टी आवळून न बांधता, पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालयात, एवढेच सांगावयाचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकत्र चालणारी प्रतिविषाची लस शिरेतून द्यावी लागते आणि तिची प्रतिक्रिया सांभाळावयास डॉक्टर शेजारी लागतो. विंचवाचे मात्र निराळे आहे. सह्याद्रीच्या पलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणारा परिणाम बारकाईने नोंदविला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून असंख्य जीव वाचविले. ते गोळीच्या रूपात मिळते, म्हणून जवळच्या डॉक्टरांना विचारून त्याचा साठा मी कधी संपू देत नाही. उन्हाळ्यात दगडी बांध उकरले जातात तेव्हा त्याची गरज कधी पडेल ते सांगता येत नाही.

अलीकडे खोऱ्यातली मुले, विशेषतः मुली, या अभ्यासाची चौकशी करावयास येतात. पालीची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. बारावीला भौतिक आणि रसायन ही शास्त्रे, त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित; मग दोन वर्षांची पदविका, तीन महिन्यांहून कमी नाही असे ५०० तासांचे प्रशिक्षण, आणि मुंबईस महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेत नोंदणी; पदवी हवी असेल तर चार वर्षे, हे मी सांगितले. वडिलांनी पगार विचारला. दुकानातला पगार प्रारंभी बेताचाच असतो, सरकारी जागा थोड्या निघतात, हेही मी लपवले नाही. मुलगी सुट्टीत दुकानात येऊन बसू लागली. औषध द्यावयाचे नाही, फक्त कपाटे मुदतीप्रमाणे लावावयाची, एवढेच काम मी तिला दिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांच्या थेंबांचा खोका हातात धरून तिने विचारले, की मुदत पुढच्या वर्षाची छापलेली असताना उघडल्यापासून एका महिन्याने टाकून द्या असे आत का लिहिले आहे, आणि ती दुसरी तारीख बाहेर का छापत नाहीत. बाटली केव्हा उघडली जाईल हे कारखान्याला ठाऊक नसते, तिला हवा लागली की जंतूंचा शिरकाव होऊ शकतो, असे मी सांगितले. त्यावर तिने पेन मागून घेतले आणि त्या कपाटातल्या प्रत्येक खोक्यावर ‘उघडल्याची तारीख’ असे लिहून पुढे रेघ मोकळी ठेवली. आता थेंब देताना ती रेघ मी गिऱ्हाइकाकडूनच भरून घेतो.