घट्ट कुठे, टक्कर कुठे?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची रीत चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातील जुन्या पिढीला चांगली ठाऊक आहे. धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. जाळात तापली की ती प्रसरण पावते. चार मीटर परिघाची धाव ४०० अंश सेल्सिअसने तापविली, तर तिचा परीघ जवळपास दोन सेंटिमीटरने वाढतो. मग ती चाकावर ठोकून बसवायची आणि वर पाणी ओतायचे. थंड होताच ती आकसते आणि चाकाला करकचून आवळते.

हेच चाक संगणकावर कॅड प्रणालीत रेखाटले आणि ‘दोन भाग एकमेकांत घुसतात का’ हे तपासले, तर संगणक तत्काळ धोक्याची खूण दाखवील. धावेचा आतला व्यास चाकाच्या बाहेरील व्यासापेक्षा लहान, म्हणजे दोन घन वस्तूंनी एकच जागा व्यापलेली! लोहाराच्या लेखी ही कारागिरी, संगणकाच्या लेखी चूक. ‘इंटरफिअरन्स चेक’ या तपासणीचे सारे मर्म या फरकात आहे.

तपासणी होते कशी?

यंत्राचे सुटे भाग आधी त्रिमितीत स्वतंत्रपणे तयार होतात आणि नंतर ‘असेंब्ली’त जोडले जातात. तपासणीचा आदेश मिळाला की भागांच्या जोड्या पडताळल्या जातात. एक हजार भागांच्या यंत्रात अशा ४,९९,५०० जोड्या होतात. म्हणून प्रत्येक भागाभोवती प्रथम एक काल्पनिक खोका कल्पिला जातो. ज्यांचे खोकेच एकमेकांना शिवत नाहीत, त्या जोड्या बाजूला पडतात. उरलेल्यांचे पृष्ठभाग बारकाईने तपासून सामाईक घनफळ दाखविले जाते.

मात्र टक्कर कशाला म्हणायचे, हे माणसानेच ठरवून द्यावे लागते. ते न ठरविता केलेली तपासणी शेकडो नोंदींची यादी पुढे टाकते आणि खरी चूक त्या गर्दीत हरवते.

काय ठरवायचे?

पहिला प्रश्न स्पर्शाचा. पाट्यावर टेकलेला ठोकळा ही टक्कर नव्हे. ‘नुसता स्पर्श हीसुद्धा टक्कर समजा’ हा पर्याय गरज नसताना चालू ठेवला, की एकमेकांना टेकलेला प्रत्येक भाग यादीत येतो.

दुसरा प्रश्न आट्यांचा. एम-१० बोल्टचा बाहेरील व्यास १० मिलिमीटर. त्याच्यासाठी आटे पाडण्यापूर्वीचे छिद्र ८.५ मिलिमीटरचे. कॅडमध्ये आटे बहुधा प्रत्यक्ष कोरलेले नसतात, त्यामुळे असा प्रत्येक बोल्ट छिद्रात घुसलेला दिसतो. सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीत बोल्ट-नटांच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात टाकण्याची सोय असते. ती वापरावी, पण त्या कप्प्यावरही एकदा नजर फिरवावी.

तिसरा प्रश्न घट्ट बसवणीचा. ५० मिलिमीटरच्या एच-७/पी-६ बसवणीत दांडा छिद्रापेक्षा ०.००१ ते ०.०४२ मिलिमीटरने जाड असतो. मॉडेलमध्ये मात्र दोन्ही भाग नेमके ५० मिलिमीटरचेच काढलेले असतात, म्हणून संगणकाला तेथे काहीच वावगे दिसत नाही. ड्रॉइंगवरील टॉलरन्स ही तपासणी आपोआप वाचत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न मोकळ्या जागेचा. भाग एकमेकांत घुसत नाहीत एवढ्याने यंत्र जुळत नाही. बोल्ट आवळायला पाना फिरला पाहिजे, फिरणारा हात कुठे आदळता कामा नये. त्यासाठी किमान अंतराची आणि हालचालीची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. सहा मीटरची पीव्हीसी नळी ३० अंशांनी तापली, तर सुमारे एक सेंटिमीटर वाढते. खानदेशच्या उन्हाळ्याचा हा हिशेब मॉडेल आपण होऊन करीत नाही.

तारा आखूड पडल्या

तपासणीत जे सामीलच नाही, त्याची टक्कर सापडत नाही. १९९४ साली प्रथम उडालेले बोइंग ७७७ हे पूर्णतः संगणकावर आरेखित झालेले पहिले प्रवासी जेट विमान. पूर्ण आकाराचा नमुना न बांधताच त्याची जुळणी साधली. याउलट एअरबस ए-३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर तारा होत्या. हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीवर काम करीत होते, तर तुलूझचे पाचव्या. मॉडेलांचा नीट मेळ बसला नाही आणि प्रत्यक्ष जोडणीत तारा आखूड पडल्या. २००६ मध्ये कंपनीला विलंब जाहीर करावा लागला. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे सुमारे दोन वर्षे उशिरा सुपूर्द झाले.

चोपड्याहून जळगाव, नाशिक किंवा पुण्याच्या डिझाइन विभागांत जाणाऱ्या तरुणांसाठी यातील धडा साधा आहे. प्रत्येक भागाची ताजी आवृत्ती असेंब्लीत आहे ना, लपविलेले भाग तपासणीतून सुटले नाहीत ना, हे आधी पाहावे. ‘दुर्लक्ष करा’ असे बटण दाबताना त्याचे कारण लिहून ठेवावे. कारण न लिहिलेले दुर्लक्ष पुढच्या अभियंत्याला निर्दोषपणाचा दाखला वाटते. आणि तो खोटा असल्याचे कळते तेव्हा धातू कापून झालेला असतो.