टोळी निघण्याआधी सेल तपासताना

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरावरच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गाठोड्यात ज्वारी, ताडपत्री, चार भांडी आणि कोयते असतात. आता डोक्याला बांधायची बॅटरीही असते. फडात गाडी रात्री दोनलाही येते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढावं लागतं. त्या वेळी उजेड गेला तर पाय घसरतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या टोळ्या निघायच्या आधीचे आठ दिवस माझा चार खणांचा चार्जर सतत चालू असतो. सेल भरण्यापेक्षा ते तपासण्यासाठीच मला तो जास्त लागतो.

साधा चार्जर बहुधा सेल जोडीनं भरतो. या चार्जरचा प्रत्येक खण स्वतंत्र असतो. एका खणात नवा सेल आणि शेजारी पाच वर्षांचा जुना ठेवला तरी दोघांचा हिशेब वेगळा राहतो. तीन पेन्सिल सेलच्या बॅटरीत सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक कमजोर असला तर तो आधी रिकामा होतो. उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्याचे धन-ऋण उलटे होतात. तसा उलटलेला सेल कायमचा बिघडतो. आपण मात्र तिन्ही सेल खराब म्हणून टाकून देतो, आणि त्यातले दोन चांगले असतात.

आधी सेलची दोन्ही टोकं आणि खणातल्या पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या. सेल बसवला की माझ्या चार्जरवर व्होल्टेज दिसतं आणि मोड व करंट निवडायला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर तो आपोआप २०० मिलीअँपिअरवर भरायला लागतो. हे सोयीचं वाटतं, पण निकेल-मेटल हायड्राइडच्या पेन्सिल सेलला हा करंट फार कमी पडतो. असा सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज वाढायचं थांबतं आणि काही मिलिव्होल्टनं खाली येतं. ही बारीक घसरण ओळखूनच चार्जर थांबतो. करंट कमी असला तर घसरण जवळपास होतच नाही, चार्जरला ती कळत नाही आणि सेल भरूनही तापत राहतो. म्हणून २००० मिलीअँपिअर-तासांच्या सेलला मी १००० लावतो. भरत आला की सेल हाताला कोमट लागतो, ते चालतं. धरवत नसेल इतका तापला तर लगेच काढायचा.

खरी परीक्षा टेस्ट मोडमध्ये होते. चार्जर सेल पूर्ण भरतो, मग निम्म्या करंटनं रिकामा करतो, त्यात किती माल निघाला ते मोजतो आणि पुन्हा भरतो. वरच्या सेलला यासाठी साडेआठ-नऊ तास लागतात. निघालेला आकडा मी कागदी चिकटपट्टीवर लिहून सेललाच चिकटवतो आणि जवळजवळच्या आकड्यांचे सेल एका बॅटरीत घालतो. १८००, १७५० आणि १८५० यांचं छान जमतं. त्यात ९०० चा एक घातला तर उजेड त्या ९०० इतकाच टिकतो.

आपल्याकडे मध्येच लाईट जाते, आणि ती परत आली की माझा चार्जर आधीचं सगळं विसरून २०० वर साधं भरणं सुरू करतो. सकाळी दिसणारा आकडा रात्रीच्या चाचणीचा नसतो. पहिल्या वर्षी असे आकडे पाहून मी चांगले सेल बाद केले होते. आता चाचणी घरातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवरच लावतो.

कधी सेल बसवूनही चार्जर तो ओळखत नाही. पट्ट्या स्वच्छ असतील तर सेल अगदी तळाला गेलेला असतो. निकेलचा सेल असेल तर साध्या जुन्या चार्जरमध्ये एक-दोन मिनिटं ठेवायचा. व्होल्टेज थोडं वर आलं की हाही चार्जर त्याला घेतो. दहा मिनिटांतच ‘फुल’ दाखवलं आणि सेल बरेच महिने पडून असेल, तर काढून पुन्हा लावायचा. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं तर त्याचा अंतर्गत रोध वाढलेला आहे. तो भिंतीवरच्या घड्याळात चालेल, फडात नेऊ नये.

वरचा उपाय लिथियमच्या सेलवर कधीही करू नये. हेडलॅम्पमधला जाड १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, ४.२ व्होल्टला भरतो. पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा असतो. १८६५० साठी लिथियमचा पर्याय असलेलाच चार्जर हवा. २ व्होल्टच्या खाली गेलेला, फुगलेला किंवा सालपट निघालेला सेल भरू नये, आणि चुलीत तर मुळीच टाकू नये. सेलवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नये. या मापाचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. बाजारातून आणलेल्या एका सेलवर ९९०० लिहिलं होतं. हातात घेतल्यावरच तो हलका लागला आणि चाचणीत ८४० निघाले. ज्यानं तो आणला होता त्यानं त्यासाठी एका दिवसाची मजुरी मोजली होती.

गाळप संपून टोळ्या परतल्या की उन्हाळा लागलेला असतो. लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर भरायचे नसतात, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत तेवढं तापमान सहज होतं. म्हणून त्या दिवसांत मी पहाटे चार्जर लावतो. पावसाळाभर ठेवायचे सेल पूर्ण भरत नाही. ३.७ ते ३.८ व्होल्टवर काढतो, चिकटपट्टीवर तारीख टाकतो आणि कोरड्या डब्यात घालून रांजणाशेजारी ठेवतो, घरातली तीच सगळ्यात थंड जागा आहे.