टाकीच्या पोटातला गंज

वडिलांची केबी-शंभर मोटारसायकल अकरा वर्षं पडवीत उभी होती. वरून ताडपत्री, खाली साइड स्टँड. ज्या दिवशी ती चालू करायची असं ठरवलं, त्या दिवशी पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं आणि आत टॉर्चचा झोत टाकला. बाहेरून टाकीचा रंग अजून बरा होता. पुसल्यावर वडिलांच्या गुडघ्याच्या घासण्याची जागासुद्धा ओळखू येत होती. आत मात्र तांबूस पापुद्रे सुटले होते. टाकी हलवली की कोरड्या शेंगेसारखी वाजायची.

त्या टाकीचं पुढे काय झालं, ते आधीच सांगून टाकतो. आम्ही घाई केली. ‘ॲसिड मारलं की तासाभरात चकाचक’ हा सल्ला ऐकला आणि टाकी ॲसिडच्या हवाली केली. तासाभरात ती खरोखर चकाचक झाली. पेट्रोल भरल्यावर तळाच्या डाव्या कोपऱ्यातून सात ठिकाणी थेंब पाझरू लागले. पत्र्याची चाळण झाली होती. गंज गेला, आणि त्याच्याबरोबर टाकीही गेली. त्यानंतर भंगारातून तशीच दुसरी टाकी मिळवून ती साफ करताना जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, त्यातून हा लेख झाला.

दुचाकींचं गाव

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न घरोघरचा आहे. वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, बजाजची एम-८० आणि कावासाकी बजाज केबी-१०० बाजारात आल्या. एन्ड्युरन्स, व्हेरॉक यांसारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या इथल्याच मातीत वाढल्या. हिमरू आणि लेण्यांसाठी ओळखलं जाणारं गाव एका पिढीत दुचाकींचं गाव झालं. शेती सोडून शिफ्टला जाणाऱ्या कित्येक कुटुंबांची पहिली गाडी यांपैकीच एखादी होती: एम-८०, केबी, राजदूत, आरएक्स-१००, नाहीतर कुणाची बुलेट किंवा येझदी. त्यातल्या बऱ्याच आज गोठ्याच्या भिंतीला, जिन्याखाली, गच्चीवर टेकून उभ्या आहेत. इंजिनं बहुतेकांची शाबूत आहेत. टाक्या मात्र आतून सडत चालल्या आहेत.

पाणी येतं कुठून?

मराठवाड्याची हवा कोरडी. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. मग बंद टाकीत गंज चढतो कसा?

टाकी कधीच पूर्ण बंद नसते. इंजिनाकडे पेट्रोल उतरत राहावं म्हणून झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. दिवसा उन्हात आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री आकसली की बाहेरची दमट हवा आत येते. टाकी अशी रोज एक श्वास घेते. आता हिशोब करू. ३० अंशांना एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते, २२ अंशांना सुमारे १९ ग्रॅम. म्हणजे रिकाम्या दहा लिटरच्या टाकीत पावसाळ्यातल्या एका रात्री फार तर दशांश ग्रॅम पाणी पत्र्यावर सुटेल. हवा रोज पूर्ण बदलते असं धरलं, तरी चार महिन्यांत बारा ग्रॅम, अडीच चमचे. प्रत्यक्षात याहून कमीच. पण पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, आणि अकरा वर्षांत असे अकरा पावसाळे येतात. त्यात झाकणाचं रबर चिरलेलं असेल, तर पावसाचं आणि गाडी धुतल्याचं पाणी थेट आत जातं. मोठं नुकसान तेच करतं.

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, म्हणून ते डाव्या खालच्या कोपऱ्यात साचतं. आमच्या टाकीला सातही भोकं तिथेच पडली, त्याचं कारण हे.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज बनतो. तो मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. तांब्यावरचा हिरवा थर खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज तसं संरक्षण देत नाही.

या जुन्या दुखण्यात गेल्या वीस वर्षांत एक नवी भर पडली. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशभरातलं सरासरी प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत विरघळवतं, हा एका अर्थी फायदाच. पण दहा टक्के मिश्रणात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास संपतं. दहा लिटरमागे सुमारे ५० मिलिलिटर. त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. रोज पळणाऱ्या गाडीला याची झळ कमी, कारण तिची टाकी सतत नवी भरते. उभ्या गाडीला मात्र ते महागात पडतं.

कॉकमध्ये कचरा आला

गॅरेजमध्ये या आजाराला ‘कचरा आला’ म्हणतात. गाडी चालू होते, दोन किलोमीटर जाते, धापा टाकते, बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. कार्बोरेटर उघडला की वाटीत तांबडा गाळ दिसतो आणि जेटचं केसाएवढं भोक बुजलेलं असतं. मेस्त्री ते फुंकून साफ करतो, गाडी आठवडाभर चालते, पुन्हा तेच. असा कार्बोरेटर तीनदा साफ करून घेतलेल्यांनी चौथ्यांदा आधी टाकीत डोकावावं. रोग तिथे असतो, कार्बोरेटरमध्ये फक्त लक्षण दिसतं.

घाईचा उपाय आणि धीराचे उपाय

हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज झपाट्याने खातं, हे खरं. पण गंज संपल्यावर ते थांबत नाही, लोखंडालाही लागतं. जिथे पत्रा आधीच पातळ झालाय, तिथे सर्वात आधी भोक पडतं. शिवाय क्लोराइडचा अंश सांध्यांत राहिला, तर धुऊन वाळवलेली टाकी पुन्हा तांबडी होते. काही जुन्या टाक्यांच्या पत्र्याला आतून शिसं-कथलाचा मुलामा असायचा. आपल्या पितळी भांड्यांना कल्हई असायची, तसाच. ॲसिड तोही सोलून काढतं.

धीराच्या उपायांत सर्वात सोयीचं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. चिंच लावून पितळेची घागर घासणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं मर्म माहीत होतं: फळांतली सौम्य आम्लं धातूवरचा मळ सोडवतात. लिंबूसत्वाचा रेणू लोखंडाचा अणू चिमट्यात धरावा तसा धरतो आणि पाण्यात घेऊन जातो. गंजावर ते लवकर काम करतं, चांगल्या लोखंडावर फार हळू.

कृती अशी. टाकी गाडीवरून उतरवून पेट्रोल पूर्ण काढावं. पेट्रोल कॉक, झाकण आणि आतलं फ्लोट असेल तर तेही काढावं, कारण पितळ, जस्त आणि ॲल्युमिनियमला आम्ल लागतं. भोकं रबरी बुचांनी बंद करावीत. साबणाच्या गरम पाण्याने आतला तेलकटपणा दोन-तीनदा धुवावा. तेलाच्या थराखाली आम्ल पोचत नाही. सुटे पापुद्रे काढायला मूठभर नट घालून टाकी हलवावी. नट मोजून घालावेत आणि मोजून काढावेत. मग एका लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला अर्धा किलो लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरावी. अर्धी भरली तर वरचा गंज तसाच राहतो. बारा तासांनी पाहावं. पाणी हिरवट-पिवळं झालं म्हणजे काम चालू आहे. गंज जाड असेल तर पाणी बदलून पुन्हा तेच, पण रोज टॉर्चने पाहत राहायचं आणि करडा पत्रा दिसताच थांबायचं.

दुसरा उपाय आपल्या ऊसपट्ट्यातला: साखर कारखान्याची मळी. शेतात खत म्हणून टाकतात ती प्रेसमडची मळी नव्हे; साखर काढून उरणारा काळा दाट पाक, ज्याला मोलॅसिस म्हणतात, तो. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. जगभरचे जुन्या गाड्यांचे हौशी लोक हा उपाय करतात. दोन-तीन आठवडे लागतात. मिश्रण आंबतं, वास येतो, वायू सुटतो, म्हणून तोंड घट्ट बंद करू नये. पण चांगल्या पत्र्याला ते जवळजवळ हात लावत नाही. मळीच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असल्याने ती रीतसरच मिळवावी. मला या गोष्टीचं मोठं अप्रूप वाटतं: ज्या मळीपासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बनतं, तीच मळी टाकीतला गंजही काढते.

तिसरा उपाय विजेचा. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, मध्ये साध्या लोखंडाची सळई टाकीला न टेकेल अशी टांगायची, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार सळईला. गंज सळईकडे ‘ओढला’ जातो असं लोक म्हणतात, पण तो जागेवरच काळ्या, मऊ थरात बदलतो आणि धुतल्यावर निघतो. यात हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर. स्टेनलेस स्टीलची सळई कधीच वापरू नये. तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

मेहरौलीचा धडा

गंज निघाला की निम्मं काम झालं. ओला, उघडा पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागतो. ते टाळायला आम्ल काढून लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावं, मग स्वच्छ पाण्याने, आणि तासन्‌तास गरम हवेने वाळवावं.

यानंतर जी पायरी बहुतेक जण गाळतात, ती सौम्य फॉस्फोरिक आम्लाची. ते लोखंडाबरोबर फॉस्फेटचा राखाडी थर बनवतं आणि तो थर पाण्याला अडवतो. मेहरौलीचा सात मीटर उंचीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं, की त्या लोखंडातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे त्यावर संरक्षक थर तयार झाला. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या रंगकाम विभागांत सुटे भाग रंगवण्यापूर्वी फॉस्फेटिंग करतात, त्यामागेही हेच तत्त्व. ज्या शहरातल्या कामगारांच्या हाताला ही विद्या रोजची आहे, त्याच शहरात जुन्या टाक्या ॲसिडने जाळल्या जाव्यात, याचं मला वाईट वाटतं.

आतून रेझिनचं अस्तर चढवण्याचीही पद्धत आहे. बारीक भोकं असतील तर तो शेवटचा पर्याय. पण ओलसर किंवा तेलकट पत्र्यावर चढवलेलं अस्तर सुटून कॉकमध्ये अडकतं, आणि इथेनॉलला न टिकणारं अस्तर विरघळून चिकट होतं. पत्रा धड असेल तर टू-टी ऑइलचा, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा, पातळ हात पुरतो.

जिवाची काळजी

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत ते प्रमाण सहज जुळतं. अशा टाकीला वेल्डिंग करणं किंवा ती जाळावर धरून वाळवणं म्हणजे जिवाशी खेळ. पूर्ण धुतल्याशिवाय हेअर ड्रायरसुद्धा लावू नये. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवीच. जुनं पेट्रोल गटारात ओतू नये. शहरातल्या कित्येक नाल्यांचं पाणी खाम नदीला जाऊन मिळतं.

टाकी जपायची कशासाठी?

नवी टाकी मिळते, मग इतका खटाटोप का, असं कुणी विचारेल. जुन्या गाडीची ओळख तिच्या टाकीत असते. तिचा बाक, तिच्यावरचं नाव, मूळ रंग, वर्षानुवर्षांच्या घासण्याच्या खुणा. कायद्यालाही ते मान्य आहे. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेलं, मूळ स्वरूपात जपलेलं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार. नोंदणी दहा वर्षांची आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं.

तुमच्या पडवीत अशी गाडी असेल, तर या दिवाळीत साफसफाई करताना तिच्या टाकीत एकदा टॉर्च मारून पाहा. पत्रा चांगला असेल तर झाकणाचं रबर बदला, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा. ती बराच काळ उभी राहणार असेल, तर टाकी पेट्रोलने अर्धी भरून सोडू नका; पूर्ण रिकामी करून तेलाचा हात द्या. गंज दिसला तर ॲसिडची बाटली दूर ठेवा आणि अर्धा किलो लिंबूसत्व आणा. आमची दुसरी टाकी त्यानेच साफ झाली, तिला तीन दिवस लागले, आणि ती आजही पाझरत नाही.

१९८६ साली नोंदलेली केबी-शंभर २०३६ मध्ये पन्नाशी ओलांडेल. तोवर तिचा पत्रा टिकवणं आपल्या हातात आहे.