पुसू नका, टिपून घ्या

पडेगावात उन्हाळ्यात गाडी धुवायची तर सकाळी लवकर, सावलीत. ऊन चढलं की पत्रा तापतो, फडकं पोचायच्या आत पाणी उडून जातं आणि पांढरे ठिपके उरतात. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून आलेलं, जड. पाणी उडतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. उन्हात तसेच तापले तर रंगावरच्या क्लिअर कोटमध्ये कायमची खूण पाडतात. हा थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ.

दौलताबादच्या रस्त्याला एका वॉशिंग सेंटरवर हे काम नीट पाहिलं. शॅम्पू निघाल्यावर तिथल्या कारागिरानं प्रेशर गन बाजूला ठेवली. साधी नळी घेतली आणि तोंडाशी बोट न दाबता टपावरून सावकाश पाणी सोडलं. सलग ओघळणारं पाणी अडकलेले थेंबही घेऊन उतरतं. मग कॉम्प्रेसरची हवा मारली: आरशांच्या फटीत, हँडलमागे, नंबर प्लेटखाली, काचेच्या रबरात. या जागा सुटल्या तर कोरड्या दारावर पुन्हा ओघळ येतो.

फडक्याची पाळी शेवटी. जाड मायक्रोफायबर किंचित ओलं करून त्यानं टपावर पसरलं, दोन कोपरे धरून अलगद आपल्याकडे ओढलं. हाताचा दाब कुठेच नाही. टपानंतर काचा, बॉनेट, डिकी, दारं. दारांच्या खालच्या पट्टीला चाकांनी उडवलेली माती चिकटलेली असते. तिला वेगळं फडकं. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय परत गाडीला लावलं नाही. मातीतला वाळूचा एक कण फडक्याखाली फिरला तरी रेघ उठते, आणि अशा रेघा काळ्या गाडीवर उन्हात लगेच दिसतात.

नळाला रोज पाणी नसल्यानं घरी गाडी धुताना अनेकजण आरओचं वाया जाणारं पाणी वापरतात. पाणी वाचतं, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते चाकांना आणि चिखलाला वापरावं. शेवटची बादली जायकवाडी धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याची असावी.

पॉलिश करून रेघा जातात खऱ्या, पण त्यासाठी क्लिअर कोटच थोडा खरवडावा लागतो आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून कारागीर हवा मारत असताना त्याला घाई करू नका. त्या चार मिनिटांत तो तुमच्या गाडीचा रंग वाचवत असतो.