परळीच्या वाटेवरील मुक्काम

बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे परळीच्या वैजनाथाचे देवालय टेकडीच्या उतारावर वसले असून, रुंद दगडी पायऱ्या चढून गेल्यावर भाविकास शिवलिंगाला स्वहस्ते स्पर्श करण्याचे भाग्य लाभते. या देवालयाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. समवेत वृद्ध मंडळी असतील, तर महाशिवरात्र व श्रावणी सोमवारची गर्दी टाळून एखाद्या आडदिवशी प्रातःकाळी दर्शन घेणे श्रेयस्कर.

बीडहून निघणाऱ्याने मांजरसुंब्याजवळ वाट वाकडी करून कपिलधारेस जावे. बालाघाटाच्या कड्यांमधील या दरीत, वर्षाऋतूत कोसळणाऱ्या धबधब्याच्या सान्निध्यात, ‘परमरहस्य’कर्त्या मन्मथस्वामींची समाधी आहे.

रात्रीचा मुक्काम मात्र अंबाजोगाईसच करावा, असा माझा आग्रह आहे. निजामी अमलात दप्तरी ‘मोमिनाबाद’ म्हणून नोंदलेले हे गाव कोकणस्थांच्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी हिचे स्थान. वैजनाथाशी तिचा विवाह ठरला असता मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाची शिळा झाली, ही लोककथा ज्याने ऐकली, त्याला दोन्ही दर्शने एकाच यात्रेत का घ्यावीत हे सांगावे लागत नाही. ज्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला, त्यांची समाधीही गावाबाहेरच्या डोंगरकपारीत आहे; तेथे घटकाभर तरी बसावे.

तेथून परळी सुमारे 25 किलोमीटर. परतीस परभणी वा विकाराबादकडे जाणारी रेल्वे परळीहूनच मिळते.