अंगाने बारीक, तरी साखर का वाढते?

‘मी कुठे जाडा आहे, मला कसला डायबेटिस?’ हे वाक्य आपल्या मंडळात नेहमी कानावर येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला स्वतःच्याच शरीराचा दाखला दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे बारीक अंगातही स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असू शकते, ती अशी.

ही चरबी नुसती पडून राहत नाही. पेशींमध्ये अन्नापासून ऊर्जा करणाऱ्या छोट्या भट्ट्या असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. खर्च नसताना साखर आणि चरबीचं इंधन येतच राहिलं, की भट्टी जास्त धुरकटते. हा धूर म्हणजे फ्री रॅडिकल्स. थोडा धूर शरीर स्वतःच साफ करतं, उलट तेवढा लागतोही. सफाईपेक्षा धूर वाढला, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग ‘साखर आत घ्या’ हा इन्सुलिनचा निरोप पेशींना नीट पोचत नाही. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. पण त्याच्या बीटा पेशींकडे सफाईची साधनं मुळात तुटपुंजी, त्यामुळे वाढलेल्या साखरेचा मारा त्यांनाच जास्त बाधतो. मधुमेहाचं हे एकमेव कारण नव्हे, आनुवंशिकता आहेच.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात? दुकानदार हो म्हणेल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. निम्म्यांना रोज सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. इन्सुलिनचा परिणाम सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा! व्यायामात होणारा थोडा धूरच शरीराला सफाई वाढवायला सांगतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतरचे सगळे निकाल इतके ठळक नाहीत, पण गोळ्यांनी मधुमेह टळतो असंही दिसलेलं नाही. आवळा, पालेभाजी जेवणात असू द्या. औषध म्हणून नको.

चालताना मात्र स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. म्हणून कमाटीबागेतली फेरी मोलाची. फेरीनंतरची सेवउसळ, तीही जादा तर्रीची, हा वेगळा विषय!

वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंमी, बायकांची ८० सेंमीच्या वर असेल, तर बारीक दिसत असलात तरी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या.